व्हर्च्युअल मशीनमधला कॉम पोर्ट सारखा हरवतो, नंबर बदलतो, डेटा तुटतो: कारणं आणि उपाय

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या कारखान्यांत आणि उद्यमनगरच्या वर्कशॉपमध्ये विंडोज एक्सपीवरचं एखादं तरी सॉफ्टवेअर अजून लागतंच. कुठे सीएनसीला (संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशीनला) प्रोग्रॅम पाठवणारं डीएनसी, कुठे वजनकाट्याची पावती काढणारं. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ला संपला, जुने पीसी मोडीत गेले, आणि तीच एक्सपी आता विंडोज १० किंवा ११च्या पीसीवर व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे पीसीच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या नकली पीसीत चालते. इथपर्यंत सगळं छान. तक्रार येते ती कॉम पोर्टची, म्हणजे मशीनशी बोलायच्या सीरियल जोडणीची. काल चालत होतं, आज लाइट जाऊन आल्यावर पोर्टच सापडत नाही. किंवा पोर्ट दिसतो, पण प्रोग्रॅम अर्ध्यात तुटतो. कुणीतरी येऊन ड्रायव्हर पुन्हा टाकतो, दोन दिवस बरे जातात, पुन्हा तेच.

ड्रायव्हर पुन्हा टाकून हा त्रास जात नाही, कारण बहुतेक वेळा ड्रायव्हर बिघडलेलाच नसतो. मशीनपासून सॉफ्टवेअरपर्यंत पाच सांधे असतात: केबल, यूएसबी-सीरियल कन्व्हर्टर, बाहेरच्या विंडोजचा कॉम नंबर, व्हर्च्युअल मशीनचा पोर्ट आणि आतल्या विंडोजचा कॉम नंबर. यातला कुठला सांधा सुटला ते आधी शोधायचं आणि तो असा बांधायचा की रीस्टार्टनंतर हलणार नाही. पुढे बाहेरच्या विंडोजला होस्ट आणि आतल्या एक्सपीला गेस्ट म्हटलं आहे. सेटिंग्ज मुख्यतः व्हर्च्युअलबॉक्स या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आहेत, कारण आपल्याकडे तेच जास्त दिसतं. व्हीएमवेअर आणि हायपर-व्हीचं वेगळं पुढे दिलं आहे. नावं आणि नंबर इथे देवनागरीत असले तरी टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरायची.

दोन रस्ते, त्यातला एकच

कन्व्हर्टर गेस्टपर्यंत पोहोचवायचे दोन रस्ते आहेत. पहिल्यात ड्रायव्हर होस्टवर असतो, होस्टवर समजा कॉम३ तयार होतो, आणि व्हर्च्युअलबॉक्स गेस्टला एक नकली १६५५०ए (सीरियल पोर्टची जुनी चिप) चिपचा कॉम१ दाखवून तो कॉम३ला जोडतो. याला पुढे सीरियल रस्ता म्हणू. दुसऱ्यात यूएसबी कन्व्हर्टरच उचलून गेस्टला दिला जातो. होस्टच्या यादीतून कॉम३ गायब होतो आणि ड्रायव्हर एक्सपीच्या आत टाकावा लागतो. हा यूएसबी रस्ता.

नेहमीचा घोळ असा की पहिल्या माणसाने सीरियल रस्ता लावलेला असतो आणि दुसरा माणूस त्यावर यूएसबी फिल्टरही (ठरलेलं उपकरण आपोआप गेस्टला देणारी सेटिंग) चढवून जातो. मग मशीन सुरू होताना फिल्टर कन्व्हर्टर ओढून घेतो, होस्टचा कॉम३ नाहीसा होतो, आणि सीरियल पोर्टला होस्टवर उघडायला काहीच उरत नाही. पडद्यावर ‘होस्ट डिव्हाइस उघडता येत नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो आणि गेस्ट सुरूच होत नाही. कधी कोण आधी पोहोचतो यावर अवलंबून चालूनही जातं. ‘कधी चालतं, कधी नाही’ ही तक्रार आली की पहिल्यांदा हेच बघावं. एक रस्ता ठेवा, दुसऱ्याची सेटिंग पूर्ण काढून टाका.

कुठला निवडायचा? गेस्टमध्ये डॉस असेल, किंवा सॉफ्टवेअर पोर्टच्या पत्त्याशी थेट बोलत असेल, तर सीरियल रस्त्याशिवाय पर्याय नाही. वजनकाट्यालाही सीरियल रस्ता पुरतो, कारण तिथे डेटा बहुतेक एकाच दिशेने येतो. सीएनसीला प्रोग्रॅम पाठवायचा असेल तर मात्र यूएसबी रस्ता घ्या. त्याचं कारण सविस्तर सांगण्यासारखं आहे, ते पुढे येईलच.

होस्टवरचा नंबर का पळतो

कन्व्हर्टरच्या आत कोणती चिप आहे यावर हे ठरतं. एफटीडीआय या कंपनीच्या चिपमध्ये साधारणपणे प्रत्येक नगाचा स्वतःचा सीरियल नंबर असतो. विंडोज तो लक्षात ठेवते, म्हणून कन्व्हर्टर कुठल्याही यूएसबी सॉकेटला लावला तरी कॉम नंबर तोच राहतो. सीएच३४० या स्वस्त चिपमध्ये असा नंबर नसतो. विंडोजला मग सॉकेटवरूनच ओळख ठेवावी लागते. झाडलोट करताना वायर काढली आणि शेजारच्या सॉकेटला लावली की विंडोजच्या दृष्टीने तो नवाच कन्व्हर्टर, त्याला नवा नंबर. असं वर्षभर चाललं की कॉम१४, कॉम१७ असे आकडे दिसायला लागतात, कारण जुने नंबर कुणी वापरत नसलं तरी विंडोजने राखून ठेवलेले असतात.

उपाय सोपा आहे. डिव्हाइस मॅनेजर उघडा, व्ह्यू मेनूतून ‘शो हिडन डिव्हायसेस’ निवडा, पोर्ट्सच्या खाली फिकट रंगात दिसणारी जुनी भुतं एकेक करून अनइन्स्टॉल करा. मग चालू कन्व्हर्टरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, पोर्ट सेटिंग्ज, अ‍ॅडव्हान्स्ड, आणि तिथे कॉम नंबर ठरवून द्या. ३ ते ९ यातला द्या. १० किंवा त्यापुढचा नंबर असेल तर व्हर्च्युअलबॉक्सच्या रकान्यात नुसतं कॉम१० लिहून भागत नाही, त्याच्या आधी \\.\ असा उपसर्ग लावावा लागतो, आणि तो नेमका विसरला जातो. सीएच३४० असेल तर सॉकेटला रंगीत टेप लावा आणि दुसरं काही तिथे लावू देऊ नका. शक्य असेल तर तो बदलून एफटीडीआयचाच घ्या. एकदाचे थोडे जास्त पैसे जातात, पण एक शिफ्ट थांबली तर होणारं नुकसान त्याहून कितीतरी मोठं.

प्रॉलिफिक या कंपनीच्या जुन्या चिपचा त्रास वेगळा आहे. नवा ड्रायव्हर जुन्या पीएल२३०३ एचएक्सए मालिकेला आणि नकली चिपला नाकारतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह येतं आणि कधी नावाच्या जागीच ‘ही चिप २०१२पासून बंद झाली आहे, विक्रेत्याशी संपर्क साधा’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य दिसतं. विंडोज अपडेटनंतर अचानक बंद पडलेले कन्व्हर्टर बऱ्याचदा हेच असतात. जुना ड्रायव्हर टाकून चालू होतो, पण पुढच्या अपडेटला पुन्हा तेच. गंमत म्हणजे यूएसबी रस्त्याने एक्सपीत दिला तर तोच कन्व्हर्टर जुन्या ड्रायव्हरवर निमूट चालतो, कारण एक्सपीला आता अपडेट येतच नाहीत.

आणखी एक गोष्ट सगळ्याच चिपना लागू आहे. विंडोज वीज वाचवायला यूएसबी झोपवते. पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंट पानावरची ‘वीज वाचवण्यासाठी हे बंद करू द्या’ ही खूण काढा. जेवणाच्या सुट्टीनंतर पोर्ट मेलेला सापडत असेल तर कारण बहुधा हेच.

सीरियल रस्ता लावताना

गेस्ट पूर्ण शटडाउन करा. ‘सेव्ह स्टेट’ करून बंद केलेल्या मशीनची पोर्ट सेटिंग राखाडी दिसते, बदलता येत नाही, आणि माणूस तासभर चुकीच्या जागी शोधत बसतो. मग सेटिंग्जमध्ये सीरियल पोर्ट्स. व्हर्च्युअलबॉक्स ७.१पासून सेटिंग्जच्या खिडकीत बेसिक आणि एक्सपर्ट असे पर्याय आहेत. सीरियलचं पान दिसत नसेल तर एक्सपर्ट निवडा.

पोर्ट १ चालू करा. पोर्ट नंबर कॉम१ ठेवला की पत्ता ३एफ८ आणि आयआरक्यू (प्रोसेसरला हाक मारायची लाइन) ४ आपोआप येतात. कॉम२ म्हणजे २एफ८ आणि ३. पोर्ट मोड ‘होस्ट डिव्हाइस’, आणि पाथच्या रकान्यात होस्टचा नंबर, म्हणजे कॉम३. इथे गोंधळ होतो तो दोन नंबरांचा. वरच्या रकान्यातला नंबर गेस्टला दिसणारा, खालचा होस्टवरचा. ते सारखे असायची गरज नाही, आणि एक्सपीतल्या सॉफ्टवेअरमध्ये नेहमी वरचाच नंबर भरायचा.

दोन मशिनं जोडायची असतील तर कॉम१ आणि कॉम२ वापरा. कॉम३ हा कॉम१चाच आयआरक्यू ४ घेतो आणि कॉम४ हा कॉम२चा ३. जुन्या सॉफ्टवेअरला ही वाटणी झेपत नाही, एक चालू असताना दुसरा अडकतो.

बॉड रेट (डेटाचा वेग), पॅरिटी (चूक ओळखायचा जादा बिट) वगैरे होस्टच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये बदलत बसू नका. गेस्टमधलं सॉफ्टवेअर जे मागतं तेच व्हर्च्युअलबॉक्स खऱ्या पोर्टला लावतो. होस्टवर दिसणारे ९६०० किंवा ८-एन-१ इथे निरर्थक आहेत.

होस्टवर एक पोर्ट एका वेळी एकच प्रोग्रॅम उघडू शकतो. चाचणीसाठी होस्टवर उघडलेलं पुट्टी (पोर्टवर टाइप करून बघायचं सॉफ्टवेअर) बंद करायचं राहिलं, किंवा बारकोड प्रिंटरचं सॉफ्टवेअर मागे चालू आहे, की गेस्टला नकार मिळणार.

होस्ट लिनक्स असेल तर टीटीवाययूएसबी० असलं बदलतं नाव देऊ नका. डेव्ह फोल्डरच्या आतल्या सीरियल, त्यातल्या बाय-आयडी फोल्डरमध्ये चिपच्या नावाने कायमचा दुवा असतो, तो पूर्ण पाथ द्या. वापरकर्ता डायलआउट ग्रुपमध्ये हवा, आणि यूएसबी रस्ता घेतला तर व्हीबॉक्सयूजर्स ग्रुपमध्येही. उबुंटू २२.०४वर सीएच३४० लावताच गायब होत असेल तर बीआरएलटीटीवाय हे ब्रेल उपकरणांचं पॅकेज तो बळकावतं. ब्रेल डिस्प्ले वापरात नसेल तर ते काढून टाका.

यूएसबी रस्ता लावताना

सेटिंग्ज, यूएसबी, कंट्रोलर चालू. एक्सपीकडे यूएसबी ३चा ड्रायव्हर नसतो, त्यामुळे ३.० निवडलंत तर गेस्टला काहीच दिसणार नाही. १.१ किंवा २.० निवडा. व्हर्च्युअलबॉक्स ७.०च्या आधीच्या आवृत्तीत २.० साठी एक्स्टेन्शन पॅक लागतो, ७.०पासून लागत नाही.

मग कन्व्हर्टर लावून ठेवा आणि उजवीकडच्या अधिक चिन्हाच्या बटणाने यादीतून तोच निवडून फिल्टर तयार करा. शेजारचं रिकाम्या फिल्टरचं बटण चुकूनही दाबून ठेवू नका. रिकामा फिल्टर प्रत्येक यूएसबी उपकरणाला लागू होतो, आणि पुढच्या वेळी माउस किंवा पेन ड्राइव्ह गेस्टच्या घशात जातो. तयार झालेल्या फिल्टरवर दोनदा क्लिक करून फक्त व्हेंडर आणि प्रॉडक्टचे आकडे ठेवा. एफटीडीआयच्या एफटी२३२आरसाठी ०४०३ आणि ६००१, सीएच३४०साठी १ए८६ आणि ७५२३, प्रॉलिफिकसाठी ०६७बी आणि २३०३. रिव्हिजन आणि पोर्टचे रकाने कोरे करा, नाहीतर दुसरा नग किंवा दुसरं सॉकेट चालणार नाही. एकाच जातीचे दोन कन्व्हर्टर असतील आणि त्यातला एकच गेस्टला द्यायचा असेल, तेव्हाच सीरियल नंबरचा रकाना भरलेला ठेवा.

फिल्टर लागला की होस्टच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कन्व्हर्टरच्या जागी ‘व्हर्च्युअलबॉक्स यूएसबी’ दिसतं. ते बरोबर आहे. एक्सपीच्या आत ड्रायव्हर टाका, तिथला कॉम नंबरही वर सांगितल्याप्रमाणे ठरवून द्या. एक्सपीत लपलेले पोर्ट नुसत्या मेनूतून दिसत नाहीत, त्यासाठी आधी ‘डेव्हएमजीआर शो नॉनप्रेझेंट डिव्हायसेस’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, शब्दांमध्ये अंडरस्कोर देऊन, १ ला लावावं लागतं.

सीएनसीवर ८७ नंबरचा अलार्म

पॅटर्न शॉपमध्ये मोठा थ्रीडी प्रोग्रॅम ड्रिप-फीडने, म्हणजे पीसीवरून थोडा थोडा येत, चालू असतो, आणि मध्येच फॅनुक या सीएनसी कंट्रोलच्या पडद्यावर ‘०८७ बफर ओव्हरफ्लो’. लहान प्रोग्रॅम नीट जातो, मोठाच तुटतो. केबल बदलली, फरक नाही. लोक इथे व्हर्च्युअल मशीनलाच दोष देऊन मोकळे होतात. दोष पूर्णपणे त्याचा नाही, आणि हिशोब मांडला की कुठे काय होतं ते स्वच्छ दिसतं.

कंट्रोलचा बफर (आलेला डेटा साठवायची जागा) भरत आला की तो पीसीला डीसी३ नावाचं थांबा-अक्षर पाठवतो, ज्याला एक्सऑफ म्हणतात. जागा झाली की डीसी१ पाठवून पुन्हा सुरू करायला सांगतो. थांबा म्हटल्यावरही १०च्या वर अक्षरं आली की फॅनुक ८७ देतो. आता ९६०० बॉडला, ७ डेटा बिट, इव्हन पॅरिटी, २ स्टॉप बिट धरले तर स्टार्ट बिटसह एक अक्षर ११ बिटांचं होतं. म्हणजे सेकंदाला सुमारे ८७२ अक्षरं. एफटीडीआयच्या ड्रायव्हरमध्ये लेटन्सी टायमर मुळात १६ मिलिसेकंदांवर असतो. आलेलं एकटं अक्षर कन्व्हर्टर तितका वेळ धरून ठेवू शकतो, आणखी काही येतंय का याची वाट बघत. ते थांबा-अक्षर कन्व्हर्टरमध्येच अडकलेलं असताना तेवढ्या वेळात सुमारे १४ अक्षरं मशीनकडे निघून गेलेली असतात. दहाची मर्यादा तिथेच ओलांडली. त्यापुढे होस्टचा ड्रायव्हर, व्हर्च्युअलबॉक्सची नकली चिप आणि गेस्टचा ड्रायव्हर यांचा वेळ लागतो तो वेगळाच, आणि कन्व्हर्टरच्या बफरमध्ये आधीच पडलेली अक्षरंही बाहेर पडतातच.

४८०० बॉड केल्यावर बऱ्याच ठिकाणी अलार्म का थांबतो ते यातूनच कळतं. वेग निम्मा झाला की १६ मिलिसेकंदांत ७च अक्षरं जातात. पण गेस्टवर लोड आला की पुन्हा दहाच्या वर. म्हणून नुसता बॉड उतरवणं हा तात्पुरता इलाज आहे.

पक्का इलाज दोन भागांत आहे. पहिला, लेटन्सी टायमर १ करा. पोर्ट सेटिंग्ज, अ‍ॅडव्हान्स्ड या त्याच खिडकीत तो आहे. सीरियल रस्ता असेल तर होस्टवर, यूएसबी रस्ता असेल तर एक्सपीत. दुसरा आणि महत्त्वाचा, यूएसबी रस्ता घ्या आणि डीएनसी सॉफ्टवेअरमध्ये हँडशेक (थांबा-चालू सांगायची पद्धत) ‘एक्सऑन-एक्सऑफ’ निवडा. एफटीडीआयची चिप थांबा-अक्षर स्वतः ओळखू शकते. यूएसबी रस्त्याने एक्सपीचा ड्रायव्हर चिपशी थेट बोलतो आणि तिला तसं सांगतो, मग थांबण्याचा निर्णय कन्व्हर्टरमध्येच होतो, पीसीपर्यंत यावं लागत नाही. सीरियल रस्त्यात गेस्टला चिप दिसतच नाही, त्याला नकली १६५५०ए दिसते, त्यामुळे ही सोय मिळत नाही. सीएनसीला यूएसबी रस्ता हवा म्हटलं ते यासाठी.

८५ आणि ८६ हे अलार्म वेगळ्या जातीचे आहेत. ८५ म्हणजे अक्षरच चुकीचं वाचलं गेलं. बॉड, पॅरिटी किंवा स्टॉप बिट जुळत नाहीत, किंवा केबल वेल्डिंग मशीनच्या वायरीला चिकटून गेली आहे. फॅनुकच्या ०आय मालिकेत पॅरामीटर २०मध्ये चॅनल असतो. तो ० असेल तर १०१चा बिट ० स्टॉप बिट ठरवतो आणि १०३मध्ये वेग असतो. १० म्हणजे ४८००, ११ म्हणजे ९६००, १२ म्हणजे १९२००. चॅनल १ असेल तर हेच १११ आणि ११३मध्ये. ८६ म्हणजे समोरचं उपकरण तयार असल्याचा सिग्नल मिळत नाही. तो बहुतेक वेळा केबलमधल्या जंपरचा, म्हणजे पिना आपापसांत जोडणाऱ्या वायरीचा दोष असतो.

केबल अशी हवी. पीसीकडे ९ पिन, मशीनकडे २५ पिन. २ला २, ३ला ३, आणि ५ला ७. पीसीच्या बाजूला ७-८ आपापसांत आणि १-४-६ आपापसांत जोडलेल्या. मशीनच्या बाजूला ४-५ आपापसांत आणि ६-८-२० आपापसांत. २ला २ बघून केबल सरळ आहे असं वाटतं, पण ९ आणि २५ पिनांच्या कनेक्टरमध्ये पाठवायची आणि घ्यायची पिन उलटी असल्यामुळे ही क्रॉसच झाली. बाजारातली तयार ९-२५ केबल मोडेमसाठी बनवलेली असते. ती इथे चालत नाही.

वजनकाट्याची दोन दुखणी

काट्याचा इंडिकेटर दर सेकंदाला अनेकदा वजनाची ओळ सोडत असतो, कुणी मागो न मागो. एक्सपी सुरू होताना पोर्टवर हा मारा चालू असला की तिला वाटतं सीरियल माउस लावला आहे. मग पॉइंटर पडद्यावर आपोआप उड्या मारतो, खिडक्या उघडतात, आणि काट्याचं सॉफ्टवेअर म्हणतं पोर्ट मिळत नाही. बरेचजण याला व्हायरस समजून फॉरमॅट मारतात. हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली असताना हे झालं तर काय होतं ते सांगायला नको. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या खाली ‘मायक्रोसॉफ्ट सीरियल बॉलपॉइंट’ दिसेल. तो डिसेबल करा. अनइन्स्टॉल करू नका, कारण पुढच्या सुरुवातीला तो पुन्हा सापडेल. यूएसबी रस्ता आणि एफटीडीआय असेल तर पोर्टच्या अ‍ॅडव्हान्स्ड खिडकीतली ‘सीरियल एन्युमरेटर’ची खूण काढली की मुळातूनच बंद होतं.

दुसरं दुखणं नंबराचं. आपल्याकडचं काट्याचं बरंच सॉफ्टवेअर व्हिज्युअल बेसिक ६मध्ये लिहिलेलं आहे, आणि त्यातला एमएसकॉम कंट्रोल (सीरियल पोर्ट वापरायचा तयार भाग) १६च्या पुढचा पोर्ट घेतच नाही. एरर मात्र भलतीच येते. गेस्टमधला नंबर १ ते ४ यातच ठेवा.

व्हीएमवेअर आणि हायपर-व्ही

व्हीएमवेअर वर्कस्टेशनमध्ये सीरियल पोर्ट जोडला आणि गेस्टमध्ये तो कॉम१ऐवजी कॉम२ म्हणून आला, तर मशीनच्या हार्डवेअर यादीत ‘प्रिंटर’ आहे का बघा. तो व्हर्च्युअल प्रिंटर पहिला सीरियल पोर्ट स्वतःसाठी घेतो. लागत नसेल तर काढा, सीरियल पोर्टही काढून पुन्हा जोडा. ‘कनेक्ट अ‍ॅट पॉवर ऑन’ची खूण नसेल तर पोर्ट दिसतो पण मुका असतो. गेस्ट सतत पोर्टला विचारत राहून प्रोसेसर खात असेल तर ‘यील्ड सीपीयू ऑन पोल’ लावा.

हायपर-व्हीवर हे काम करायला जाऊच नका. त्यात कॉम१ आणि कॉम२ असतात, पण ते फक्त नेम्ड पाइपला (प्रोग्रॅमांमधल्या आतल्या दुव्याला) जोडता येतात, होस्टच्या खऱ्या पोर्टला नाही, आणि यूएसबी उपकरण गेस्टला देण्याची सोयही नाही. तिथेच राहायचं असेल तर सीरियल-टू-इथरनेट डिव्हाइस सर्व्हर घ्या. मशीनजवळ तो बसवायचा, पीसीपर्यंत नेटवर्कची केबल, आणि त्याचा व्हर्च्युअल कॉम ड्रायव्हर गेस्टमध्ये. एक्सपीसाठी ड्रायव्हर मिळतो का ते विकत घेण्याआधी विचारा. चांगल्या डिव्हाइस सर्व्हरमध्ये एक्सऑफ तिथल्या तिथे सांभाळला जातो. शॉप फ्लोअरवर तीन-चार मशिनं असतील तर यूएसबीच्या नादी न लागता हाच मार्ग आम्ही सुचवू. आरएस-२३२ची केबल १५ मीटरच्या पुढे नेणं तसंही बरोबर नाही.

लाइट गेल्यावर आणि अपडेटनंतर

लाइट आली, पीसी आपोआप सुरू झाला, स्टार्टअपमध्ये टाकलेलं व्हर्च्युअल मशीनही लगेच सुरू झालं, पण विंडोजने यूएसबी ओळखायच्या आत. सीरियल रस्त्यात मग गेस्ट उठतच नाही. टास्क शेड्यूलरमधून लॉग ऑननंतर १ ते २ मिनिटं उशिराने मशीन सुरू करा. बंद करताना सेव्ह स्टेटऐवजी शटडाउनची सवय ठेवा. सेव्ह केलेलं मशीन उठतं तेव्हा सॉफ्टवेअरला पोर्ट उघडाच आहे असं वाटत असतं, आणि खाली उपकरण नव्याने जोडलं गेलेलं असतं.

विंडोज ११च्या अपडेटनंतर सगळंच मंद झालं आणि सीरियल डेटा गळू लागला, तर चालू व्हर्च्युअलबॉक्सच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव आहे का बघा. असेल तर विंडोजचा स्वतःचा हायपरव्हायजर (व्हर्च्युअल मशीन चालवणारा थर) चालू झाला आहे आणि व्हर्च्युअलबॉक्स त्याच्या आधाराने चालतो आहे. विंडोज फीचर्समधून हायपर-व्ही, व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म आणि सँडबॉक्स बंद करा. विंडोज सिक्युरिटीमधलं मेमरी इंटिग्रिटीही यालाच कारण ठरतं. ते बंद केल्याने सुरक्षा कमी होते, म्हणून तो पीसी इंटरनेटपासून तोडलेला असेल तरच करा. एक्सपी चालवणारा पीसी तसाही तोडलेलाच हवा.

डॉट मॅट्रिक्स प्रिंटरबद्दल थोडक्यात. यूएसबी-पॅरलल केबल एलपीटी१ (प्रिंटरचा जुना पॅरलल पोर्ट) तयार करत नाही, ती विंडोजला यूएसबी प्रिंटर म्हणून दिसते. पॅरलल पोर्टचा जुना डोंगल (सॉफ्टवेअरच्या परवान्याची चावी) तिच्यावर चालणारच नाही. डॉसमधून छापायचं असेल तर प्रिंटर शेअर करा आणि एक्सपीत ‘नेट यूज’ या आज्ञेने एलपीटी१ त्या शेअरला कायमचा जोडा.

तरीही सापडत नसेल तर

मशीनची केबल काढा. कन्व्हर्टरच्या ९ पिनांच्या तोंडावर, पाच पिनांची ओळ वर धरून डावीकडून मोजत, २ आणि ३ या पिना छोट्या वायरने जोडा. सीरियल रस्ता असेल तर आधी होस्टवर पुट्टीने, फ्लो कंट्रोल ‘नन’ ठेवून पोर्ट उघडा आणि टाइप करा. अक्षर परत दिसलं आणि वायर काढताच दिसायचं थांबलं, तर कन्व्हर्टर आणि होस्ट ठीक. पुट्टी बंद करा, तीच चाचणी एक्सपीच्या हायपर टर्मिनलमधून. इथे अडलं तर दोष व्हर्च्युअल मशीनच्या सेटिंगमध्ये. इथेही पास झालं तर केबल, मशीनचे पॅरामीटर किंवा सॉफ्टवेअर, संगणकाला आता हात लावू नका. गेस्ट नक्की काय पाठवतो ते बघायचं असेल तर व्हर्च्युअलबॉक्समधला पोर्ट मोड थोडा वेळ ‘रॉ फाइल’ करा आणि प्रोग्रॅम पाठवा. जे बाहेर पडलं ते फाइलमध्ये जसंच्या तसं मिळतं.

वळवाच्या दिवसांत होस्टवरची चाचणीच फेल जाऊ लागली तर कन्व्हर्टर मेला असं समजा. मशीन आणि पीसीचं अर्थिंग वेगळं असलं की विजेच्या कडकडाटात तो फरक याच केबलमधून वाहतो. ऑप्टो-आयसोलेटेड कन्व्हर्टर वापरा, आणि सुट्टीच्या दिवशी केबल काढून ठेवा. एक जादा नग कपाटात हवाच. तो एफटीडीआयचा असला तरी त्याचा सीरियल नंबर वेगळा असणार, म्हणजे विंडोज त्याला नवा कॉम नंबर देणार आणि लेटन्सी पुन्हा १६ होणार. म्हणून तो आणल्या दिवशीच एकदा लावून, जुन्याचाच कॉम नंबर आणि लेटन्सी १ देऊन, फिल्टरमधला सीरियलचा रकाना तपासून मगच कपाटात ठेवा. नंबर देताना विंडोज तो वापरात असल्याचा इशारा देईल. दोन्ही नग एका वेळी लावणार नसाल तर ‘हो’ म्हणा.